‘चार्ज’ या शब्दाचा भार: एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची सात वाक्ये मिळाली. सातही वाक्यांत ‘चार्ज’ हा एकच इंग्रजी शब्द आहे, कोशात त्याच्यापुढे मराठी प्रतिशब्दांची लांबलचक रांग आहे, आणि त्यांतला कोणता उचलावा हे न उमगल्यामुळे तू चार ठिकाणी ‘शुल्क’ लिहून पुढे गेली आहेस. ‘या शब्दाला मराठीत नेमका कोणता शब्द आहे, तेवढे एकदा सांगा,’ असे तू विचारले आहेस. असा एक शब्द मला तुला देता येणार नाही. मात्र या शब्दाकडे कसे पाहावे ते मी सांगू शकतो, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

शब्दाच्या मुळाशी जाऊ. लॅटिनमधील ‘कारुस’ म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद त्यापासून झाले, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याचा ‘चार्ज’ झाला. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून एकच चित्र आहे: कोणीतरी कोणावर तरी ओझे लादले आहे. पुढे ते ओझे पैशाचे झाले, जबाबदारीचे झाले, गुन्ह्याच्या आरोपाचे झाले, दारूगोळ्याचे आणि विजेचेही झाले. म्हणून वाक्य समोर आले की कोश उघडण्यापूर्वी विचार: इथे भार कशाचा आहे, तो कोणी टाकला आहे, आणि तो कोणाच्या पाठीवर आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की शब्द बहुतेक वेळा त्या त्या व्यवहारातच तयार सापडतो, कारण लोकांनी तो तिथे केव्हाच रुळवलेला असतो.

हे मला फार उशिरा कळले. अनुवादाची कामे नुकतीच मिळू लागली होती तेव्हा एका जमीनव्यवहाराची कागदपत्रे माझ्याकडे आली. सदर मालमत्ता कोणत्याही ‘चार्ज’पासून मुक्त आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यांत होते, आणि मी ‘सदर मालमत्तेवर कोणतेही शुल्क लागू नाही’ असे लिहून दिले. कागद ज्यांच्या हाती गेले ते वयस्क कारकून काही बोलले नाहीत. त्यांनी ‘शुल्क’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली, समासात बारीक अक्षरात ‘बोजा’ एवढेच लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्या क्षणी मला आमच्या घरचा सातबारा आठवला. त्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला मी लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि कर्ज फिटल्यावर तो ‘कमी करून घेण्यासाठी’ वडिलांनी तलाठ्याकडे घातलेले हेलपाटेही मला ठाऊक होते. शब्द घरात होता आणि मी तो कोशात शोधत बसलो होतो. जमीन विकत घेणाऱ्याने माझे वाक्य वाचले असते तर सरकारी फी भरायची नाही एवढेच त्याला कळले असते, आणि जमीन कर्जात अडकलेली नाही ही खरी हमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती. तुझे तिसरे वाक्य अगदी याच जातीचे आहे. तिथे ‘बोजा’ लिही, आणि त्याला ‘गहाण’ समजू नकोस. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ या दोहोंना वेगळे मानतो. गहाणात मालमत्तेतील हितसंबंधच दुसऱ्याकडे जातो, तर बोज्यात तो जात नाही, फक्त देण्याची वसुली त्या मालमत्तेतून करता येते.

पैशाच्या व्यवहारातही ‘शुल्क’ जपूनच वापर. घरचे महावितरणचे वीजबिल काढून समोर ठेव. त्यावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ अशा ओळी दिसतील. हे सारे इंग्रजीतले ‘चार्जेस’ आहेत. त्याच बिलावर ‘वीज शुल्क’ अशीही ओळ आहे आणि ती मात्र इंग्रजी ‘ड्युटी’ची आहे, म्हणजे राज्य शासनाचा कर. अशा बिलाच्या अनुवादात तू दोन्हींना ‘शुल्क’ म्हटलेस तर वाचणाऱ्याला वीज पुरवल्याचा मोबदला कोणता आणि सरकारचा कर कोणता हे कळायला मार्ग उरत नाही. ‘आकार’ हा शब्द मला विशेष आवडतो, कारण त्याच्याबरोबर ‘आकारणे’ हे सरळ क्रियापद आपल्या हाती येते. रिक्षाचे आणि एसटीचे ते ‘भाडे’, शाळेची ती ‘फी’, हमालाची ती ‘हमाली’, दळणाचे ते ‘दळणावळ’. इंग्रजी जिथे एकच शब्द ठेवून मोकळी होते तिथे मराठी माणूस कामागणिक वेगळा शब्द वापरतो, आणि अनुवादकाने ही श्रीमंती वाया घालवू नये. तसेच, ‘फ्री ऑफ चार्ज’साठी सरकारी सूचनेत ‘विनामूल्य’ किंवा ‘मोफत’ लिही, पण ‘फुकट’ लिहू नकोस. ‘फुकट’ या शब्दात घेणाऱ्याविषयी थोडा हलकेपणा आहे, आणि दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो लागतो.

आता न्यायालयाचे वाक्य. इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक एखाद्या माणसाच्या अब्रूवर जाते. फिर्यादीत केला जातो तो आरोप. तपास पुरा करून पोलीस न्यायालयात सादर करतात ते दोषारोपपत्र, ज्याला सगळे ‘चार्जशीट’ म्हणतात. त्यानंतर न्यायाधीश ती कागदपत्रे पाहून, खटला चालवण्याजोगे काही आहे असे वाटले तर, आरोपीवर कोणता गुन्हा कोणत्या कलमाखाली आहे ते निश्चित करतात, आणि त्याला तो वाचून दाखवून गुन्हा कबूल आहे का असे विचारतात. ही तिसरी पायरी म्हणजे कायद्यातला खरा ‘चार्ज’. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. वर्तमानपत्रे या पायरीला ‘आरोपनिश्चिती’ म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. तुझ्या वाक्यात न्यायालयाने ‘चार्जेस फ्रेम’ केले आहेत, आणि तू लिहिले आहेस, ‘न्यायालयाने त्याच्यावर आरोप केला.’ न्यायालय कोणावर आरोप करीत नसते. तिथे ‘न्यायालयाने त्याच्यावर आरोप निश्चित केले’ असेच हवे. याच्या उलट ‘डिस्चार्ज’, म्हणजे ओझे उतरवणे. आरोप निश्चित होण्यापूर्वीच पुरेसा आधार नाही म्हणून आरोपीला मोकळे करतात तो डिस्चार्ज. खटला चालून, पुरावा तपासला जाऊन तो निर्दोष सुटतो ती गोष्ट निराळी. दोन्हींना सरसकट ‘सुटका’ म्हणू नकोस.

समानार्थी शब्दांची तुझी जी यादी आहे तिच्याबद्दल इथेच सांगतो. रॉजे या इंग्रज वैद्याने १८५२ मध्ये समानार्थी शब्दांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून अशा याद्या वापरण्याची सवय वाढत गेली. पण यादीत शेजारी बसलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतातच असे नाही. आपलेच घे. आरोप, ठपका, बोल, आळ, बालंट, तोहमत. चौकशी समिती अधिकाऱ्यावर ठपका ठेवते. घरातले वडीलधारे सुनेला बोल लावतात. ‘आळ’ म्हटले की तो खोटा असल्याची सूचना त्या शब्दातच येते, आणि बालंट तर न केलेल्या गोष्टीचेच येते. म्हणून बातमीत ‘त्याच्यावर चोरीचा आळ आला’ असे लिहिणाऱ्याने नकळत आरोपीची बाजू घेतलेली असते.

कचेरीतला ‘चार्ज’ त्यामानाने सोपा आहे. नवा अधिकारी ‘पदभार’ स्वीकारतो, दुसऱ्याचे काम सांभाळतो तेव्हा त्याच्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. एवढे मात्र ध्यानात ठेव की मराठीत ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हटले की नेमणूक तात्पुरती आहे असेच वाचक समजतो, आणि इंग्रजी ‘इन-चार्ज’मध्ये तसे दर वेळी नसते. विभागाची कायमची प्रमुख असलेल्या परिचारिकेला तू ‘प्रभारी’ केले आहेस, तिथे ‘प्रमुख’ किंवा ‘विभाग जिच्या ताब्यात होता ती’ असे काही लिही. राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदातला ‘प्रभारित खर्च’ तू परीक्षेसाठी वाचला असशीलच. राष्ट्रपतींचे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन त्यात येते, आणि त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. तोही भारच, थेट भारताच्या संचित निधीवर, म्हणजे सरकारी तिजोरीवर टाकलेला.

बंदुकीचा ‘चार्ज’ आपल्याकडे ‘बार’ आहे. कोकणात ठासणीच्या बंदुकीत बार भरतात. विजेच्या शास्त्रातही हा शब्द भरण्याच्याच अर्थाने आला. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन ‘लेडन बरणी’ नावाच्या काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग करीत होता आणि बरणी ‘चार्ज’ करणे हीच त्याची भाषा होती. पाठ्यपुस्तकाने त्यासाठी ‘प्रभार’ घेतला आहे, तो पाठ्यपुस्तकाच्या अनुवादात अवश्य ठेव. पण तुझ्या कथेतली आजी ‘मोबाइल चार्जिंगला लाव’ असेच म्हणेल आणि तिला तसेच म्हणू दे. पोलिसांच्या ‘लाठीचार्ज’ला मात्र ‘लाठीमार’ हा नेमका आणि जुना शब्द असताना इंग्रजी जोडशब्द कशाला?

राहिले सातवे वाक्य, जे तू कोरे सोडले आहेस. निरोपाच्या प्रसंगी त्या बाईंचा आवाज भावनेने ‘चार्ज्ड’ झाला होता. इथे तू ‘भारलेला’ लिहायला धजली नाहीस हे बरे झाले. मुळातले चित्र या शब्दात अगदी जसेच्या तसे आहे, मंत्राने पाणी भारतात, एखाद्या गायनाने मैफल भारून जाते; पण भारलेपणात मोहिनी आहे आणि त्या बाई मोहून गेलेल्या नाहीत, त्यांना रडू आवरत नाही. हे वाक्य मी तुला सोडवून देणार नाही. ‘कंठ दाटून येणे’, ‘गहिवरणे’, ‘आवाज कातर होणे’ हे तिन्ही वाक्प्रयोग समोर ठेव, त्या बाई फलाटावर उभ्या आहेत असे डोळ्यांपुढे आण, वाक्य मोठ्याने वाचून पाहा आणि जे लिहिशील ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
एक जुना अनुवादक