व्हिसलब्लोअर कायदा आणि बेसबॉल: मुलाने काय निवडावे?

सप्रेम नमस्कार,

न्यू जर्सीहून पाठवलेले आपले पत्र वाचले. आपला मुलगा अकाउंटिंगच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे कायदा शिकून त्याला कंपन्यांमधील गैरव्यवहार उघड करणाऱ्या व्हिसलब्लोअरांची वकिली करायची आहे आणि त्याच दमात व्यावसायिक बेसबॉलमधली वकिलीही खुणावते आहे. ‘यातले खरे कोणते आणि खूळ कोणते, ते तुम्हीच त्याला सांगा,’ असे आपण लिहिता. तशी विभागणी मी करणार नाही, कारण दोन्ही कामांच्या मुळाशी कामगार आणि नोकरीविषयक कायदाच आहे.

उपजीविकेचा विचार केला तर पहिले क्षेत्र अधिक भरवशाचे आहे. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या अमेरिकी कंपन्यांच्या हिशेबातील घोटाळ्यांनंतर 2002 मध्ये आलेल्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सूडाच्या कारवाईपासून संरक्षण दिले. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने त्यात बक्षिसाची भर घातली. एखाद्याने दिलेल्या माहितीवरून झालेल्या कारवाईत दहा लाख डॉलरहून अधिक दंड झाला, तर वसुलीतील 10 ते 30 टक्के रक्कम त्याला मिळते, आणि नाव गुप्त ठेवून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या रोखे आयोगाकडे, म्हणजे एसईसीकडे जायचे असेल तर वकिलामार्फतच जावे लागते. मात्र 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ कंपनीतल्या वरिष्ठांकडे तक्रार करणाऱ्याला डॉड-फ्रँकचे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी आयोगाला कळवलेले असावे लागते. सार्बेन्स-ऑक्सलेखाली कामगार खात्याकडे दाद मागण्याची मुदतही 180 दिवसांचीच आहे. त्यामुळे कोणाकडे आणि केव्हा जायचे, हा सल्लाच पुष्कळदा निर्णायक ठरतो, आणि ताळेबंद वाचता येणारा वकील येथे इतरांच्या पुढे राहतो. फी बहुधा निकालानंतर मिळते आणि निकालाला वर्षे लागतात, हे मात्र त्याला आताच ठाऊक असावे.

बेसबॉलचा कायदेशीर इतिहास त्याने आवर्जून वाचावा. 1922 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले. सेंट लुईसच्या संघाने परस्पर फिलाडेल्फियाच्या संघाला दिलेल्या कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध झगडा मांडला आणि 1972 मध्ये तो हरला. आपला संघ आपण निवडण्याचे जे स्वातंत्र्य त्याला न्यायालयात मिळाले नाही, ते 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या गोलंदाजांना सामूहिक कराराच्या, म्हणजे खेळाडूंची संघटना आणि संघमालक यांच्यातील कराराच्या, आधारे मिळवून दिले. व्यावसायिक बेसबॉलचे आजचे प्रमुख, म्हणजे आयुक्त, रॉब मॅनफ्रेड हेही मूळचे कामगार कायद्याचेच वकील. पण संघ अवघे 30, त्यांना जोडून लीगचे कार्यालय, खेळाडूंची संघटना आणि काही एजन्सी, एवढ्याच जागा. केवळ याच्या भरवशावर शैक्षणिक कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मुलाने दोन्ही आवडी एकत्र पाहिल्या, त्यात तथ्य आहे. ह्यूस्टन अॅस्ट्रोजचा संघ 2017 मध्ये कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा, म्हणजे पुढचा चेंडू कसा टाकायचा याचे गुप्त इशारे, चोरत होता, हे 2019 मध्ये त्याच संघाचा माजी गोलंदाज माइक फायर्स याने स्वतःच्या नावानिशी वृत्तमाध्यमाला सांगितले. पुढे संघाला 50 लाख डॉलर दंड झाला, पण फायर्सला काही माजी खेळाडूंचीच बोलणी खावी लागली. त्याची तक्रार भागधारकांच्या फसवणुकीची नसल्यामुळे वर सांगितलेले कायदे त्याच्या उपयोगाचे नव्हते. अशा माणसाला संरक्षण द्यायचेच तर ते सामूहिक करारातून कसे द्यावे, हा प्रश्न आपल्या मुलाला लेखनासाठी उत्तम विषय ठरेल.

त्याने एलसॅटची, म्हणजे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी सुरू करावी आणि नोकरीविषयक कायदा चांगला शिकवणारे विद्यापीठ निवडावे. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात बेसबॉलमधील वेतन-लवादाची, म्हणजे खेळाडूचे वेतन लवादापुढे ठरवण्याची, विद्यार्थी स्पर्धा होते. तीत भाग घेतला की ती हौस कितपत टिकते ते कळेल. पहिल्या उन्हाळ्यात मात्र कंपन्यांची बाजू घेणाऱ्या मोठ्या फर्मपेक्षा तक्रारदारांच्या वकिलाकडे किंवा सरकारी खात्यात उमेदवारी करावी. कंपन्या ज्यांच्या अशील आहेत, त्या फर्म व्हिसलब्लोअरचे प्रकरण सहसा हाती घेत नाहीत, म्हणून कोणत्या बाजूने उभे राहायचे हे त्याला लवकर ठरवावे लागेल.