खारघरहून न्यू जर्सीला निघालेल्या विशेष शिक्षिकेला

ताई म्हणून हक्काने विचारलंस, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. तुझ्याबद्दल मला कळलं ते असं: घर खारघरला, बी.एड. स्पेशल झालेलं, आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, सीआरआर (नोंदणी) नंबर आहे, सात वर्षांचा अनुभव आणि त्यातली शेवटची तीन वर्षं स्वतःचं छोटं सेंटर. नवऱ्याला कंपनी इथे न्यू जर्सीला पाठवतेय, तू एच-फोर व्हिसावर, म्हणजे त्याची बायको म्हणून, येणार. इथे नुसतं थेरपिस्ट म्हणून राहायचं नाही, पुढे ऑटिझमचा एखादा विभाग चालवायचाय. तुझे प्रश्न तीन: बीसीबीए (एबीए या वर्तन-थेरपीच्या तज्ज्ञाचं अमेरिकी प्रमाणपत्र) भारतातूनच करून यावं का, आपल्याकडच्या अनुभवाची वर्षं इथे धरतात का, आणि सेंटरचं काय करावं.

बीसीबीए भारतातून करायचा विचार आधी सोडून दे. ते प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने, म्हणजे बीएसीबीने, २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना ते देणं बंद केलंय. मुंबईत कुणी 'बीसीबीए कोर्स' म्हणून पैसे मागत असेल, तर शेवटी परीक्षेला कोण बसू शकतं, हे लेखी विचार. आयबीएओ किंवा क्वाबा या दुसऱ्या संस्थांची एबीएची प्रमाणपत्रं भारतातून घेता येतात आणि तो अभ्यास वाया जात नाही, पण इथल्या बहुतेक जाहिराती बीसीबीएच मागतात. त्याला मास्टर्स लागते, ठरावीक विषय लागतात, देखरेखीखाली २००० तास काम लागतं (जास्त देखरेख घेतली तर १५००) आणि मग परीक्षा. २०२७ पासून नियम पुन्हा बदलतायत, म्हणून मैत्रिणीच्या जुन्या नोट्सवर विसंबू नकोस, चालू वर्षाची हँडबुक उघड.

त्या २००० तासांचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यातले निदान ६० टक्के तास मुलासोबत थेट थेरपी करण्याचे नसावे लागतात. डेटा वाचायचा, प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्याला शिकवायचं, पालकांशी बोलायचं. या क्षेत्रात वर जाणं म्हणजे काय, ते त्या आकड्यात आलं. इथे प्रमुख होते ती व्यक्ती मुलांसोबत सगळ्यांत छान काम करतेच असं नाही. जिच्या हाताखाली इतर मोठी माणसं चांगलं काम करू लागतात, ती प्रमुख होते.

आणि इथेच तुझी खरी पुंजी आहे. वाशीला महापालिकेच्या ईटीसी या अपंग मुलांच्या केंद्रात मी कामाला लागले, तेव्हा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून जायचे. तिथे एका मुलामागे एक माणूस देणं शक्यच नव्हतं. मग आम्ही आयांना शिकवलं. कळवा-मुंब्र्याच्या, तुर्भ्याच्या आया. काही जणी शाळेत गेलेल्याच नव्हत्या. चित्रांचा तक्ता कसा लावायचा, मूल किंचाळलं तर आधी काय बघायचं, हात धरून करवून घेणं केव्हा थांबवायचं, हे त्या शिकल्या आणि शेजारणीलाही शिकवू लागल्या. न्यू जर्सीच्या शाळेत सुपरवायझरच्या जागेची मुलाखत झाली, तेव्हा पॅनेलने याच कामावर सगळ्यांत जास्त वेळ प्रश्न विचारले. कारण इथलं दुखणंही तेच आहे. वर्गात पॅराप्रोफेशनल असतात, म्हणजे आपल्याकडच्या शॅडो टीचरसारखे. पगार कमी, प्रशिक्षण तुटपुंजं, वर्षाअखेर निम्मे सोडून जातात की काय अशी धास्ती. त्यांना चटकन आणि मायेने तयार करू शकेल असं माणूस सगळ्यांना हवं असतं.

कागदावर मात्र वर्षं धरली जातीलच असं नाही. माझी नव्हती धरली. मी पॅरा म्हणून सुरुवात केली, मग आरबीटी, म्हणजे बीसीबीएच्या देखरेखीखाली काम करणारी प्रमाणित थेरपिस्ट, झाले (४० तासांचं प्रशिक्षण, कौशल्याची चाचणी, परीक्षा), मग शिक्षिका. तुझ्या हाताखालचं सेंटर सोडून कुणाच्या तरी हाताखाली डायपर बदलायला लागणं जड जाईल, हे मला ठाऊक आहे. तरी ती पायरी टाळू नकोस. पॅराला दिवसभर काय सोसावं लागतं, हे अंगावर घेतलेल्या प्रमुखाचं ते ऐकतात.

आता रस्ते दोन आहेत. एक एबीए क्लिनिकचा. टेनेसी या शेवटच्या राज्यानेही २०१९ मध्ये नियम केल्यावर पन्नासही राज्यांत ऑटिझमच्या उपचारांना विम्याचं संरक्षण देणारे नियम झाले आणि क्लिनिकं भराभर वाढली. तिथे बढती लवकर मिळते. पण विम्याचं बिल १५ मिनिटांच्या एककात जातं आणि क्लिनिकल डायरेक्टरचा जीव त्या एककांत अडकतो. मूल आजारी पडलं, सेशन रद्द झालं, की अनेक ठिकाणी थेरपिस्टचा तेवढा पगारही जातो. दुसरा रस्ता सरकारी शाळांचा. तो हळू आहे, पण मी तोच सांगेन. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला, १९९० मध्ये त्याच कायद्यात ऑटिझम हा स्वतंत्र गट आला. मूल तीन वर्षांचं झालं की शाळेची जबाबदारी सुरू होते, मग घरचा विमा असो वा नसो. न्यू जर्सीत प्रत्येक शालेय जिल्ह्यात (स्कूल डिस्ट्रिक्ट) चाइल्ड स्टडी टीम असते: सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि एलडीटी-सी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणींची सल्लागार शिक्षिका. पालकांनी तपासणीला लेखी संमती दिली की ९० दिवसांत तपासणी, आयईपी (त्या मुलापुरती शिक्षणाची योजना) आणि अंमलबजावणी व्हावी लागते. सुपरवायझर व्हायला शिक्षकाचं प्रमाणपत्र, मास्टर्स, तीन वर्षं शिकवण्याचा अनुभव आणि शिक्षकांची देखरेख आणि अभ्यासक्रम-रचना या विषयांचे १२ क्रेडिट्स लागतात. बीसीबीए असलं तरी सरकारी शाळेत शिक्षकांचं मूल्यमापन करायला ते वेगळं प्रमाणपत्र लागतंच. म्हणून मास्टर्स निवडताना अशी निवड, की शिक्षकाचं प्रमाणपत्रही मिळेल आणि एबीएचे विषयही होतील.

व्हिसाचं नीट समजून घे, कारण माझ्या ओळखीच्या कितीतरी हुशार मुली इथेच अडकून राहिल्या. एच-फोरवर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला की ईएडीला, म्हणजे नोकरीच्या परवान्याला, अर्ज करता येतो. ही सोय २०१५ पासून आहे. तेव्हा नवऱ्याच्या कंपनीकडून ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू होणार, हे निघायच्या आधी विचारून घ्या. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज जितका लवकर करता येईल तितका कर. आपोआप मिळणारी मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी बंद झालीय. आणि ईएडी नसताना बीसीबीएचे तास 'बिनपगारी' भरून काढ असं कुणी सुचवलं, तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. शाळा स्वतः एच-वन (नोकरीचा व्हिसा) देईल या आशेवर राहू नकोस. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून आणायच्या नव्या माणसासाठी एक लाख डॉलरची अट आली, ती शाळांना परवडणारी नाही.

निघण्याआधी कागद जमव. ट्रान्सक्रिप्टला कलिन्याला मुंबई विद्यापीठात वेळ लागतो, आजच अर्ज कर. पदवी आणि बी.एड. दोन्हींची विषयवार मूल्यांकनं (इथल्या पदव्यांशी तुलना) करून घे; आपली तीन वर्षांची पदवी एकटी सगळीकडे पुरत नाही. अभ्यासक्रमाची छापील प्रत आण. अनुभवपत्रात नुसतं 'विशेष शिक्षिका म्हणून काम केले' नको. किती पालकांना शिकवलंस, किती कर्मचारी तयार केलेस, कोणत्या वयाची मुलं, आयसा (ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी) कुणी केलं, आयईपी कुणी लिहिली, हे सगळं लेटरहेडवर असू दे. मुलांची नावं, फोटो, व्हिडिओ मात्र आणू नकोस. पालकांची परवानगी असली तरी इथे मुलाखतीत ते दाखवलं, तर तुझ्यावरचा विश्वास तिथेच संपेल.

एबीएवर इथे मोठा वाद आहे, तो तयारीने ऐक. १९८७ च्या मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या अभ्यासापासून आठवड्याला ४० तास हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. पण ज्यांनी लहानपणी ते तास सोसले, ते आता मोठे झालेत आणि बोलतायत: डोळ्यांत बघायला लावलं, हात हलवू दिले नाहीत, 'नाही' म्हणायची सोय ठेवली नाही. मी त्यांचं म्हणणं मानते. माझ्या वर्गात हात फडफडवणं हे थांबवायचं उद्दिष्ट म्हणून आयईपीत लिहू देत नाही. ऑटिस्टिक प्रौढांचं लिखाण तू आत्तापासून वाच, त्यांच्याशिवाय या विभागाचं नेतृत्व करता येत नाही.

आणि एक गोष्ट फक्त आपल्यासारख्यांनाच करता येते. एडिसनच्या बाजूला मराठी घरं पुष्कळ. मुलाचं निदान झालं की कुणीतरी सांगतं, घरात फक्त इंग्रजी बोला, नाहीतर गोंधळेल. संशोधनातून तसं काही दिसलेलं नाही. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडत नाही. पण आई-बाबा घाबरतात, मराठी थांबवतात, आणि सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून आलेल्या आजीला नातवाशी बोलता येत नाही. मी अशा आजीला आयईपीच्या मीटिंगला बोलावते, पालकांची हरकत नसेल तर. दुभाष्या मागणं हा पालकांचा कायदेशीर हक्क आहे, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तू आलीस की पहिल्या दिवसापासून सांगत जा.

सेंटरचं म्हणशील, तर विकू नकोस आणि कुलूपही लावू नकोस. तुझ्याबरोबर काम करणारी, सीआरआर नंबर असलेली सहकारी असेल तर तिच्या नावावर चालू दे. पालकांना सगळ्यांत आधी तूच सांग, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोर बसून. प्रत्येक मुलाची फाइल पूर्ण करून पालकांच्या हातात दे. ज्यांची यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि निरामय या आरोग्य विम्याची कामं अर्धवट असतील, ती निघण्याआधी मार्गी लाव. कुणाला फी परवडत नसेल तर ईटीसीचा, नाहीतर तुझ्या खारघरमधल्याच एनआयईपीआयडीच्या, म्हणजे बौद्धिक अपंगत्वावरच्या राष्ट्रीय संस्थेच्या, केंद्राचा रस्ता दाखवून ठेव.

इथल्या विद्यापीठांची सप्टेंबरच्या प्रवेशाची मुदत साधारण आदल्या हिवाळ्यात असते. मूल्यांकनाचा अहवाल आला की मला पाठव, कोणते विषय कमी पडतायत ते बघून कॉलेजांची यादी आपण दोघी मिळून करू.