प्रमाणपत्र तीन वर्षांचे, मग दरवर्षी ऑडिट कशासाठी?

सातारा एमआयडीसीतील आपल्या कारखान्याच्या आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक) प्रमाणपत्रावर तीन वर्षांची मुदत असूनही प्रमाणन संस्था वर्षाच्या आतच पुन्हा ऑडिटची तारीख मागते, हे नियमात बसते का, असे आपण विचारले आहे. बसते. प्रमाणपत्र आयएसओ देत नाही, प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांनाही आयएसओ/आयईसी १७०२१-१ हे मानक पाळावे लागते. त्यानुसार पहिले सर्व्हेलन्स ऑडिट (प्रमाणपत्राच्या मुदतीत होणारी देखरेखीची तपासणी) प्रमाणनाच्या निर्णयाच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत व्हावे लागते, आणि पुढेही पुनर्प्रमाणनाचे वर्ष सोडून दर कॅलेंडर वर्षात किमान एक.

पहिल्या प्रमाणनाच्या ऑडिटचे दोन टप्पे असतात; या स्टेज १ आणि स्टेज २ मध्ये संपूर्ण व्यवस्था तपासली जाते. सर्व्हेलन्समध्ये मात्र निवडक विभाग पाहतात. तरीही अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, ग्राहकांच्या तक्रारी आणि मागील एनसीवरील (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये नोंदलेली त्रुटी) कारवाई या गोष्टी दर वेळी पाहिल्या जातातच.

शेवटच्या मुद्द्यावर आम्ही स्वतः अडकलो होतो. मी सांगलीजवळ कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये गुणवत्ता विभाग पाहतो. एका मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची (मापनाच्या अचूकतेच्या पडताळणीची) तारीख उलटल्याबद्दल आम्हाला मायनर, म्हणजे किरकोळ, एनसी मिळाली, तेव्हा आम्ही ते कॅलिब्रेट करून आणले आणि कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असे लिहून मोकळे झालो. पुढच्या वर्षी ऑडिटर थेट लेथवर गेले आणि त्यांनी ऑपरेटरच्या ड्रॉवरमधून दुसरे मायक्रोमीटर काढले, ज्याच्या स्टिकरवरील तारीख दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. मायनरची मेजर, म्हणजे गंभीर, एनसी झाली, आणि ते योग्यच होते, कारण आमच्या यादीत फक्त स्टोअरमधून दिलेली मापनसाधने होती, ड्रॉवरमधली कधी मोजलीच गेली नव्हती. दोष यादीचा आणि समज मात्र ऑपरेटरला, असा तो प्रकार होता.

पुनर्प्रमाणनाचे ऑडिट मुदत संपण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी ठेवावे, असे माझे मत आहे. मेजर एनसी निघाली तर ती बंद करून संस्थेचा निर्णयही मुदतीच्या आत यावा लागतो. मुदत उलटल्यास राहिलेली कामे सहा महिन्यांत पूर्ण करून प्रमाणपत्र पूर्ववत करता येते, अन्यथा किमान स्टेज २ पुन्हा द्यावी लागते. पूर्ववत झालेल्या प्रमाणपत्रावरही नवी तारीख मागे नेता येत नाही, त्यामुळे मधला खंड ग्राहकाच्या खरेदी विभागाला दिसतोच.