आमदारांना भेटून मुलांच्या कस्टडीचा कायदा बदलता येतो का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेत केंटकीसारख्या राज्यात आईबापांनी मागे लागून २०१८ ला समान पालकत्वाचा (म्हणजे मूल दोघांकडे सारखा वेळ) कायदा करून घेतला, तर महाराष्ट्रात आपण आमदारांना गाठून तसं काही करू शकतो का. मी कळव्यात राहतो, पोरगा त्याच्या आईकडे नेरुळला, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी भेट. या भानगडीत तीनेक वर्षं घातलीत, म्हणून लिहितो.

करता येतं. पण तिकडच्यासारखं सरळ नाही. तिकडे फॅमिली लॉ राज्याचाच विषय, त्यामुळे राज्यात पास झालं की झालं. आपल्याकडे लग्न, घटस्फोट, अज्ञान मुलं हे सगळं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र पण कायदा करतं आणि राज्य पण, आणि राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याला आडवा गेला तर राष्ट्रपतींची संमती लागते, तिथे गाडी अडली की अडली. महिला-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षेचं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक आठवतंय ना, डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत पास झालं आणि पुढे संमतीच मिळाली नाही.

पण उलटी उदाहरणं पण आहेत बरं का. वडिलोपार्जित प्रॉपर्टीत मुलींना मुलांइतका हक्क केंद्राने २००५ ला दिला, महाराष्ट्राने तो १९९४ लाच दिला होता, वारसा कायद्यात राज्याची दुरुस्ती करून. पोटगीचं पण तसंच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना जास्तीत जास्त ५०० रुपये मिळायचे, महाराष्ट्राने १९९९ ला ते १५०० केले आणि २००१ ला केंद्राने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे राज्याने आधी हलायचं आणि केंद्राने मागून यायचं हे आपल्याकडे झालेलं आहे.

आता आमदारांचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौदा पानांचं निवेदन घेऊन गेलो, त्यातली अकरा पानं माझ्याच केसची, कुठल्या तारखेला मुलाला आणलं नाही, कोण काय बोललं, फोटोंसकट. दीड तास बाहेर बाकावर. पीएने पहिलं पान बघितलं, मागची पानं अंगठ्याने फरफर उलटली आणि म्हणाला, काका, हा कोर्टाचा विषय, साहेब काय करणार. राग आला, पण त्याचं बरोबर होतं. कोर्टात चालू असलेल्या केसवर सभागृहात बोलताच येत नाही. तुमची केस घरी ठेवा.

दुसऱ्यांदा एकच पान नेलं. साहेब स्वतः भेटले आणि पहिलाच प्रश्न, "कलम कुठलं?" तेव्हा उत्तर तयार होतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ६ (अ), त्यात लिहिलंय की नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. (गीता हरिहरन केसमध्ये १९९९ ला सुप्रीम कोर्टाने "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही म्हणून सांगितलं, पण शब्द अजून तेच आहेत.) त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. म्हणजे कागदावर पालक बाप आणि मूल आईकडे, आणि दोघंही वैतागलेले! मसुदा पण आपल्याला लिहायची गरज नाही, विधी आयोगाने (केंद्राला कायद्यातले बदल सुचवणारा आयोग) मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात दोघांना समान नैसर्गिक पालक करा, संयुक्त कस्टडीची तरतूद आणा असं म्हणून दुरुस्तीचा मसुदाच जोडलाय. आयता. तो प्रिंट काढून न्या.

एक गोष्ट मात्र मला वेगळ्या राहणाऱ्या पालकांच्या आमच्याच ग्रुपमधल्या कोपरखैरणेच्या एका ताईंनी शिकवली. आम्ही चार-पाच बाप फिफ्टी-फिफ्टी, फिफ्टी-फिफ्टी करत होतो. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण मंगळवारी पोरीला ताप आला तर तुमच्यातलं कोण ऑफिसला सुट्टी टाकणार ते आत्ता सांगा. कुणी बोललं नाही. मी पण नाही. मग त्या म्हणाल्या, घरात मारहाण होती तिथे काय करणार? केंटकीच्या कायद्यात त्याचा अपवाद आहे, आम्ही आधी लिहिलेल्या मसुद्यात नव्हता. ऑस्ट्रेलियाने २००६ ला समान जबाबदारीचं गृहीतक (म्हणजे कोर्टाने सुरुवातच दोघांची जबाबदारी सारखी धरून करायची) आणलं आणि २०२३ च्या दुरुस्तीने काढून टाकलं, हेही त्यांनीच शोधून आणलं. आम्ही मसुदा बदलला आणि नुसत्या बापांचा ग्रुप म्हणून जाणं बंद केलं. आई आणि बाप एकत्र दारात उभे राहिले की समोरचा माणूस खुर्ची देतो, हा माझा अनुभव.

खासदारांकडे पण जा, कारण मूळ कायदे केंद्राचे. पण खाजगी विधेयकावर, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकावर, फार जीव लावू नका, आजवर संसदेत अशी १४ पास झालीत, शेवटचं १९७० ला. त्यातून चर्चा होते, रेकॉर्डवर येतं, तेवढंच.

आणि खरं सांगू का, सगळं कायद्यानेच होतं असंही नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं हे राज्याने मंत्रिमंडळाच्या निर्णयाने केलं. फॅमिली कोर्ट कायदा १९८४ खाली नियम करायचे अधिकार हायकोर्टाला आणि राज्य सरकारला आहेत. म्हणून आम्ही आता लहान गोष्ट मागतोय, भेटीचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा एक ठरलेला नमुना असावा, म्हणजे दर मे महिन्यात अर्ज करून, तारीख घेऊन, तारीख लागेपर्यंत जून उजाडायला नको. माझ्या दोन सुट्ट्या अशाच गेल्यात, आंबे पण संपले होते.

विधी व न्याय विभागाला पत्र टाकलंय, पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवलं असं उत्तर आलं. दर अधिवेशनाआधी परत जातो. जाताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का तारखेसकट मारून घ्या, पीए जेवायला उठायच्या आत, नाहीतर पुढच्या वेळी तोच विचारतो की तुम्ही आधी कधी आला होता?