सतत टेन्शन

प्रश्न असा आलाय: हायपरटेन्शन म्हणजे फार जास्त टेन्शन का? आणि टेन्शनला मराठीत ताण म्हणावं की काळजी?

पहिल्याचं उत्तर: नाही. हे ऐकून ऐकून कान किटलेत. हायपरटेन्शनमधलं टेन्शन मनातलं नव्हे, रक्तवाहिन्यांमधलं. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर भरत राहिला की डॉक्टर हा शब्द वापरतात, मग माणूस स्वभावाने कितीही निवांत असो. ‘मला कसलंच टेन्शन नाही, मग गोळी कशाला?’ असं म्हणून औषध सोडणारे लोक आहेत, म्हणून चिडचिड होते.

मुळात टेन्शन म्हणजे ओढ. लॅटिनमधलं ‘टेन्डेरे’ म्हणजे ताणणे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो ताणलेल्या अवस्थेसाठी. मनापर्यंत तो पुष्कळ नंतर पोचला. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. वरचा दोरा दोन चकत्यांमधून जातो, पुढची घुंडी पिळली की चकत्या आवळतात. दोरा सैल राहिला तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी लोंबतात, फार आवळला तर शिवणीला चुण्या पडतात. या घुंडीचं नावच टेन्शन. विजेच्या हाय टेन्शन तारेतलं टेन्शन म्हणजे व्होल्टेज. फ्रेंचमध्ये व्होल्टेजला आजही हाच शब्द आहे, आणि रक्तदाबालाही.

आता खरी गंमत. ‘टेन्डेरे’ आणि संस्कृत ‘तन्’ एकाच मुळाचे. ताण, तंतू, मागाच्या ताण्यावरून आलेलं तंत्र, गवयाची तान, सगळे त्या घरातले. तार ताणली की निघतो तो ग्रीक ‘टोनोस’, त्याचा इंग्रजीत टोन झाला. ताणून ताणून पातळ झालेला तो ‘तनु’, आणि इंग्रजी ‘थिन’ त्याचाच भाऊबंद. कापड ताणून उभा केलेला तो टेंट. अंग ताठ करणारा तो टिटॅनस, ज्याला आपण धनुर्वात म्हणतो, म्हणजे ओढलेलं धनुष्य आपल्याही नावात आहेच! आणि ‘सतत’? सम् अधिक तत, न तुटता ताणलेलं. ‘मला सतत टेन्शन असतं’ म्हणणारा माणूस एकाच धातूचे दोन शब्द एका वाक्यात वापरून मोकळा होतो.

इथे काही विद्वान लगेच टाळी मागतात, ‘बघा, टेन्शन संस्कृतातूनच निघालं!’ नाही हो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही एकाच, कदाचित आता न उरलेल्या मुळातून आल्या असाव्यात, हे संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात १७८६ मध्येच मांडलं. चुलतभावाला मुलगा म्हटल्याने घराण्याची इज्जत वाढत नाही.

दुसऱ्या टोकाला शुद्धिवादी. ‘टेन्शन घेणे’ चूक, कारण इंग्रज तसं म्हणत नाहीत. नसतील म्हणत. पण आपण धसका घेतोच ना? माझं मत असं की टेन्शन मराठीत आलं ते इंग्रजी क्रियापदं दाराबाहेर ठेवून. राग येतो तसं ते येतं, ताप देतात तसं देतात, धसका घेतात तसं घेतात. आणि ‘टेन्शन करू नकोस’ असं कुणी म्हणत नाही, कारण ते काळजीच्या जागी बसलेलंच नाही, धसक्याच्या जागी बसलंय. कोशात ‘टेन्शन = काळजी’ लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे तपासलेलं दिसत नाही.

राहिला पर्याय. कामाचा असेल तर ताण चालेल. बाकी ठिकाणी, निरोप घेताना आपण सर्रास म्हणतो ते वाक्य घ्या: ‘काळजी घे, टेन्शन घेऊ नकोस.’ यात टेन्शनच्या जागी काळजी घालून बघा.