सोलरचा तीन महिन्यांचा कोर्स लावू का? – साक्रीच्या एका वडिलांना उत्तर

साक्री तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगा दहावी झाला, 64 टक्के पडले, हाताने काम करायची आवड आहे. ते लिहितात, "आमच्याकडे शिवाजीनगरला सोलर प्रकल्प, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या, सगळीकडे हेच चाललंय. एक क्लासवाला तीन महिन्याच्या सोलर कोर्सचे 45 हजार मागतो, नोकरीची गॅरंटी देतो. भरू का? आणि या धंद्यात खरंच दम आहे का?"

दादा नमस्कार,

पैसे भरू नका, आधी हेच सांगतो. सूर्यमित्र नावाचं सरकारी ट्रेनिंग आहे, ते मोफत असतं, मग 45 हजार कशाचे? आणि नोकरीची गॅरंटी देणारा माणूस ती लेखी देतो का ते विचारून बघा.

आता दम आहे का, तर आहे. सोलरला कोळसा लागत नाही की डिझेल लागत नाही, एकदा उभं केलं की ऊन फुकट. तुमच्यासारख्या माणसाला तर यातला सगळ्यात मोठा फायदा मी सांगायला नको, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी धरायला जायचं, पायाखाली साप आहे की काय ते कळत नाही, ते सोलरवर दिवसा पंप चालला की बंद होतं. मला स्वतःला हा फायदा वीजबिलापेक्षा मोठा वाटतो.

पण दुसरी बाजू पोराला नीट कळू द्या. शिवाजीनगरचा महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा प्रकल्प 125 मेगावॅटचा, म्हणजे चोवीस तास 125 मिळतात असं नाही, रात्र, ढग, धूळ सगळं धरून वर्षाची सरासरी काढली तर आपल्याकडे सोलर साधारण पाचवा हिस्साच देतं. उन्हाळ्यात ऊन जास्त म्हणून वीजही खूप जास्त असंही नाही, पॅनल तापलं की उलट थोडं कमी देतं. पवनचक्कीचा खरा सीझन जून ते सप्टेंबर, बाकी महिने वारा पडतो. जमीनही लागते, एका मेगावॅटला चार-पाच एकर, आणि ती कधीकधी कुणाच्या तरी चराईची असते.

आणि नोकरीच्या बाजूने सगळ्यात मोठा तोटा म्हणजे प्रकल्प उभा राहताना शेकड्याने माणसं लागतात, पण एकदा चालू झाला की थोडे टेक्निशियन, पॅनल धुणारे आणि वॉचमन एवढेच उरतात. तीन महिन्यात फक्त पॅनल बसवायला शिकलेला पोरगा मग पुढच्या साइटच्या मागे गुजरात-राजस्थान फिरत राहतो.

म्हणून माझं मत, शासकीय आयटीआयला इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेडपण आहे, पण तो एकाच कामाचा होतो. पॅनल बिघडत नाही फारसं, पंचवीस वर्षं टिकतं. बिघडतो इन्व्हर्टर, पंप चालवणारा कंट्रोलर, केबल, मोटर, अर्थिंग, आणि ते सगळं इलेक्ट्रिशियनचं काम. शिवाय सोलर थंड पडलं तरी त्याला महावितरणची अप्रेंटिसशिप आहे, कारखाना आहे, स्वतःचं दुकान आहे. पुढे शिकावंसं वाटलं तर आयटीआयवरून इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

अजून एक हिशोब सांगतो जो क्लासवाला सांगणार नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप योजना 2024 ला सुरू झाली, शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला 5, आणि पंपाला दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. म्हणजे त्यातले पहिले पंप 2029-30 ला हमीबाहेर येणार. तेव्हा कंट्रोलर बंद पडला तर शेतकरी कुणाला फोन करणार? कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक वाळतं. तुमचा पोरगा आयटीआय आणि वर्षभर अप्रेंटिसशिप करून बरोबर त्याच सुमाराला तयार होतो, आणि तो गावातलाच असेल. सूर्यमित्र आयटीआयनंतर करू दे, तेव्हा जास्त कळेल.

प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरतात, तारीख निघाली की लगेच भरा. पर्यायात पहिला इलेक्ट्रिशियन, दुसरा वायरमन टाका. पवनचक्कीचंही त्याच्या डोक्यात आहे असं लिहिलंय, तिथे पगार बरा असतो पण 70-80 मीटर शिडी चढून वर काम करावं लागतं. पोराला उंचीची भीती वाटते का ते लिहिलं नाहीत, तेवढं त्याला विचारा आणि कळवा.