गोळ्यांनी किडनी जाते ना, मॅडम?

खुर्चीत नीट टेकायच्या आतच काकांनी हा प्रश्न विचारला. वय ५५, मधुमेह ११ वर्षांचा. काकूंनी हातातली पिशवी टेबलावर रिकामी केली. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या सहा स्ट्रिप, एकीतलीही गोळी फोडलेली नाही. "सात महिने झाले, हे घेतच नाहीत," त्या म्हणाल्या.

मधुमेहाच्या समुपदेशनात हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. काकांच्या भीतीला मात्र घरातलंच कारण होतं. थोरले भाऊ २० वर्षं गोळ्या घेत होते, आता डायलिसिसवर आहेत. सख्ख्या भावाला आठवड्यातून तीनदा मशीनला जोडलेलं बघणाऱ्या माणसाला "तसं काही नसतं हो" म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. मी विचारलं, दादांची साखर किती असायची? "तीनशेच्या आसपास. पण गोळ्या कधी चुकवल्या नाहीत." आणि बीपी? ते कुणी फारसं बघितलंच नव्हतं.

मग कागदावर काढून दाखवलं. एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली आणि जोडीला बीपी असलं, की या गाळण्या खराब होत जातात आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. हे नुकसान साखरेचं. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. ती शरीराबाहेर पडते किडनीवाटे, म्हणून किडनीचं काम मंदावलं की डॉक्टर तिचा डोस कमी करतात आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ३० च्या खाली गेला की ती बंद करतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली.

"पण गोळ्या थांबवल्यावर दादाची साखर उतरली होती. इन्सुलिनसुद्धा कमी करावं लागलं," काका म्हणाले. त्यांनी पाहिलेलं अगदी खरं होतं. इन्सुलिनचा निचरा करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं आणि साखर खाली येते. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. "आम्हाला वाटलं, बरा होतोय."

त्यांचं स्वतःचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर काढते तो टाकाऊ पदार्थ, १.१ होतं, आणि त्याच आकड्यावर ते निर्धास्त होते. क्रिएटिनीन उशिरा बोलतं. किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीला फेस येतो हे काकूंनीच सांगितलं. डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन मोजणारी एसीआर तपासणी करायला लावली, ती आली २१०. हा आकडा ३० च्या आत हवा. तो एकदा वाढलेला दिसला म्हणून शिक्का मारायचा नसतो, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा केली. तीही वाढलेलीच.

उठता उठता मी सहज विचारलं, गुडघ्यासाठी काही घेता का? काकांनी शर्टाच्या खिशातून डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीची स्ट्रिप काढली. दोनच गोळ्या उरल्या होत्या. दोन वर्षं, जवळजवळ रोज एक, स्वतःच्याच मनाने. किडनीसाठी ज्या गोळीला घाबरायला हवं होतं ती खिशात होती, आणि साखर आवरणारी पिशवीत तशीच पडून होती. मला फार वाईट वाटलं, कारण त्या माणसाने किडनी वाचवण्यासाठीच हे सगळं केलं होतं.

डॉक्टरांनी ती वेदनाशामक थांबवली, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केली, सोबत टेल्मिसार्टन हे बीपीचं आणि डॅपाग्लिफ्लोझिन हे साखरेचं औषध दिलं, दोन्ही किडनीला जपणारी. मधुमेहात किडनीचा ऱ्हास औषधांनी लांबवता येतो, हे २००१ साली टेल्मिसार्टनच्याच गटातल्या लोसार्टनवरच्या चाचणीत दिसलं. डॅपाग्लिफ्लोझिनबद्दल २०२० मध्ये तसंच सिद्ध झालं. काकांना मी आधीच बजावलं, या औषधांनी सुरुवातीला क्रिएटिनीन जरा वर सरकू शकतं. तेव्हा घाबरून स्वतःहून गोळी सोडायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं. ते सरकलंही, १.१ चं १.२ झालं. त्यांनी त्याच दिवशी फोन केला, गोळी सोडली नाही. सहा महिन्यांनी एसीआर ९० वर आला.

परवा ते पुतण्याला घेऊन आले. वय ३२, टाइप २ मधुमेह गेल्या वर्षी निघालेला, लघवीची तपासणी एकदाही नाही. खरं तर ती निदान झाल्याझाल्या आणि मग दर वर्षी करायची असते. नमुना दिलाय, रिपोर्ट उद्या येईल.